मदत हवी आहे: एलएक्सक्यूटीसाठी लिहिलेलं ब्लूटूथ ॲप माझ्याकडे चालतं, मित्राकडे नाही. शनिवारी रिलीज आहे!

चिंचेखाली
नमस्कार मंडळी. घाईत आहे म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

गेले सात महिने रात्री जागून एलएक्सक्यूटी या लिनक्सवरच्या हलक्या डेस्कटॉपसाठी ब्लूटूथचं ॲप लिहितोय. पॅनेलवर आयकॉन, त्यावर टिचकी मारली की जवळची उपकरणं दिसतात, जोडता-तोडता येतात, फाइल पाठवता-घेता येते. एलएक्सक्यूटीला स्वतःचं ब्लूटूथ ॲप नाही. ब्लूमॅन घ्या नाहीतर केडीई प्रकल्पाचं ब्लूडेव्हिल घ्या असं सांगतात, दोन्ही ब्लूटूथचीच ॲपं. मला क्यूटीतलंच (एलएक्सक्यूटी ज्या टूलकिटवर बांधलंय ते) पण हलकं काहीतरी हवं होतं. कोड खुला आहे, शनिवारी ०.१.० चा टॅग मारायचा, म्हणजे ती आवृत्ती द्यायची, असं सगळ्यांना सांगून बसलोय.

अडचण अशी की माझ्या लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित चालतं आणि मित्राच्या लॅपटॉपवर पेअरिंग होतच नाही. कोड तोच. परवानगीची सूचनाच येत नाही. दोन रात्री गेल्या. कुणाला माहीत असेल तर प्लीज लगेच सांगा.

रात्रपाळी
‘होतच नाही’ म्हणजे नेमकं काय होतं? दोन्हीकडे डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) कोणतं, ब्लूझी (लिनक्सची ब्लूटूथ यंत्रणा) कितवं, काय जोडताय, हेडफोन, माउस की फोन? आणि ब्लूटूथ सर्व्हिसचा लॉग कुठाय? जर्नलसीटीएल या कमांडने काढून इथे चिकटवा. एवढ्यावरून कुणीच काही सांगू शकणार नाही.

जुना_रेडिओ
आधी फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आतलं सॉफ्टवेअर, बघा. माझा स्वतःचा अनुभव सांगतो. स्वस्तातला यूएसबी डोंगल आणला होता, सीएसआर कंपनीची चिप म्हणून. आत भलतीच चिप निघाली. अशा नकली सीएसआर चिपा इतक्या पसरल्यात की कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली आहे. पुढे दुसरा डोंगल घेतला, त्याला फर्मवेअरची फाइल वेगळी लागत होती, ती नव्हती म्हणून उपकरण दिसायचं पण काम करायचं नाही. डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) चालवा आणि ‘फर्मवेअर’ शब्द शोधा. मित्राकडे डेबियन असेल तर १२ पासून इन्स्टॉलरच फर्मवेअर देतो, त्याआधीचं असेल तर हाताने टाकावं लागेल.

नाकासमोर
ॲप कशाला लागतं? टर्मिनलवर ब्लूटूथसीटीएल उघडा. पॉवर ऑन, स्कॅन ऑन, पेअर, ट्रस्ट, कनेक्ट. पाच शब्द. मी आठ वर्षं हेच करतोय, कधी अडलं नाही.

चिंचेखाली
@नाकासमोर, माझ्या आईला पाच शब्द टाइप करायला कोण शिकवणार? तिच्याचसाठी तर हे सुरू केलं. जुना लॅपटॉप आहे, २ जीबी रॅम, त्यावर एलएक्सक्यूटी छान पळतं.

@जुना_रेडिओ काका, फर्मवेअरचा प्रश्न नाही. मित्राचा हेडफोन माझ्याच ॲपमधून लगेच जोडला गेला, गाणी वाजली.

माझ्याकडे आर्च, मित्राकडे डेबियन १३.

रात्रपाळी
एक मिनिट. पहिल्या पोस्टमध्ये म्हणालात पेअरिंग होतच नाही, आता म्हणता हेडफोन जोडला गेला. मग काय जोडलं जात नाही?

चिंचेखाली
फोन! फोनवर लॅपटॉपचं नाव शोधून तिथून जोडायला गेलं की. मला वाटलं ते उघडच आहे, परवानगीची सूचना फोनसाठीच तर येते, हेडफोनला कशाला येईल? माझ्याकडे फोनवरून जोडलं की सहा आकडी संख्या आणि होय-नाहीची बटणं असलेली सूचना येते. मित्राकडे काहीच नाही, फोन दहा सेकंद फिरतो आणि जोडता आलं नाही म्हणतो.

दुपारचा_चहा
हेडफोनचा विषय निघालाच आहे तर विचारते. माझ्या हेडफोनवर गाणी सुंदर वाजतात, पण ऑफिसची मीटिंग सुरू झाली की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. मीटिंग संपली की पुन्हा छान. हे ॲप लावलं तर सुटेल का?

कोकणकडा
@दुपारचा_चहा, नाही सुटणार. गाण्यांसाठी ए२डीपी नावाचं प्रोफाइल असतं, ते एकाच दिशेने आवाज नेतं, म्हणून दर्जा चांगला. मीटिंगमध्ये माइक लागतो, तेव्हा हेडफोन एचएफपी या बोलण्यासाठीच्या प्रोफाइलवर जातो आणि आवाज बहुतेक वेळा ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर येतो. पाइपवायर या लिनक्सच्या आवाज-यंत्रणेसोबतचं वायरप्लंबर माइक मागितला की आपोआप ही अदलाबदल करतं. ती बंद करता येते. मी बंद केली आहे आणि मीटिंगसाठी लॅपटॉपचाच माइक निवडतो. समोरच्यालाही माझा आवाज जास्त स्वच्छ जातो.

दुपारचा_चहा
अरे वा, हे कुणीच सांगितलं नव्हतं. आजच करून बघते. धन्यवाद!

नीरेकाठी
धागाकर्त्याला मनापासून विचारतो, नवीन ॲपचा अट्टाहास का? या क्षेत्रात लिहिणारे आधीच थोडे. डिसेंबर २०१२ मध्ये ब्लूझी ५ आलं आणि डी-बसवरची (प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात ती वाट) आधीची सगळी रचना मोडली. ज्या डेस्कटॉपांचं ब्लूझी ४ वर चालत होतं त्यांना नव्याने लिहावं लागलं. पल्सऑडिओ या आवाज सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला ब्लूझी ५ कळायला २०१४ उजाडलं. केडीईवाल्यांचं नव्याने लिहिलेलं ब्लूडेव्हिल जानेवारी २०१५ मध्ये त्यांच्या प्लाझ्मा डेस्कटॉपच्या ५.२ सोबत आलं, ब्लूमॅनचं २.० त्याच वर्षी. दोन-अडीच वर्षं लोक हेडफोन चालत नाही म्हणून रडत होते, मी त्यातलाच. लिनक्स मिंटनेही आपलं ब्लूबेरी हे ब्लूटूथ ॲप २१ व्या आवृत्तीत सोडून दिलं आणि ब्लूमॅन घेतलं, कारण ब्लूबेरी ग्नोम डेस्कटॉपच्या ब्लूटूथवर उभं होतं आणि ग्नोमने आपलं बदललं. एकट्या माणसाचं ॲप पुढच्या अशा बदलात टिकेल का? ब्लूडेव्हिललाच हातभार लावा ना.

चिंचेखाली
@नीरेकाठी, मुद्दा मान्य आहे आणि तो माझ्या डोक्यात रोज असतो. म्हणूनच डी-बसशी मी थेट बोलत नाही. केडीईचीच ब्लूझीक्यूटी लायब्ररी वापरली आहे. ती केडीई फ्रेमवर्क्सच्या पहिल्या थरातली आहे, बाकीची केडीई तिच्यासोबत ओढली जात नाही. ब्लूझी बदललं तर ते तिथे सांभाळलं जाईल. ब्लूडेव्हिल मात्र प्लाझ्माच्या बऱ्याच गोष्टी मागतं, आईच्या लॅपटॉपवर मला त्या नकोत.

पण आत्ता माझा प्रश्न तो नाहीये हो. शनिवार परवावर आलाय.

नाकासमोर
मग एजंटची (ब्लूझीच्या वतीने वापरणाऱ्याला विचारणारा ॲपचा भाग) क्षमता ‘नोइनपुटनोआउटपुट’, म्हणजे पडदाही नाही नि कीबोर्डही नाही अशी, ठेवा. सूचना दाखवायचीच भानगड नाही, काही न विचारता जोडलं जाईल. मी माझ्या रास्पबेरी पायच्या स्पीकरला तेच केलंय.

गस्त
कृपा करून हे करू नका. स्पीकरला पडदा नसतो म्हणून तिथे ते ठीक. लॅपटॉपला पडदा आहे, कीबोर्ड आहे, आणि तुम्ही ब्लूझीला सांगणार की काहीच नाही? मग सहा आकडे जुळवणं बंद होतं आणि मध्ये कुणी बसलं तर कळणारही नाही. डिसेंबर २०२३ मधला सीव्हीई-२०२३-४५८६६ हा सुरक्षेतला दोष आठवा. माणसाने होय न म्हणताच कुणीही कीबोर्ड म्हणून जोडून घ्यायचं आणि बटणं दाबायचं, अँड्रॉइडवर, ॲपलवर, लिनक्सवरही. ब्लूझीने तेव्हा ‘क्लासिकबॉन्डेडओन्ली’ (आधी पेअर झालेल्या उपकरणांनाच जोडू देणारं सेटिंग) मुळातच चालू करून ठेवलं, त्यापायी प्लेस्टेशन ३ च्या कंट्रोलरवाल्यांची गैरसोय झाली तरी. आईसाठी लिहिताय म्हणता, मग तिच्या लॅपटॉपचं दार उघडं टाकू नका.

नाकासमोर
मी तात्पुरता उपाय सांगितला. शनिवारी रिलीज आहे ना त्यांचं.

गस्त
रिलीजमध्ये गेलेलं तात्पुरतं राहत नाही. लोकांच्या मशीनवर ते वर्षानुवर्षं असतं.

रात्रपाळी
लॉग अजून आलेला नाही. तिसऱ्यांदा मागतोय.

चिंचेखाली
माफ करा, मित्र कामावर होता. आत्ता पाठवला. फोनवरून जोडायला गेलं त्या क्षणी एकच ओळ येते: ‘नो एजंट अव्हेलेबल फॉर रिक्वेस्ट टाइप २’. पण एजंट तर मी रजिस्टर करतो! कोडमध्ये आहे, माझ्याकडे चालतंय.

ओवी
ही ओळ पहिल्या पोस्टमध्ये असती तर एवढं लांबलं नसतं. टाइप २ म्हणजे आकड्यांची खात्री करून घ्यायची विनंती.

ब्लूझीचा डेमन (मागे चालू असलेली सर्व्हिस) पडद्यावर स्वतः काही दाखवत नाही. विचारायचं असलं की तो एजंटला विचारतो. तुमच्या ॲपने सुरू केलेल्या जोडणीसाठी तो तुमचाच एजंट वापरतो. फोनने बाहेरून हाक मारली तर ती कुणाच्याच ॲपने सुरू केलेली नसते, तेव्हा तो डीफॉल्ट एजंटकडे जातो. रजिस्टर करणं वेगळं आणि डीफॉल्ट करून मागणं वेगळं. तुम्ही दुसरं केलंय का?

आणि दुसरा प्रश्न. तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपवर ब्लूमॅन आहे का?

चिंचेखाली
आहे, पण ते मी कधीच उघडत नाही. वर्षभरापूर्वी टाकलं होतं. त्याचा काय संबंध?

ओवी
उघडावं लागत नाही. ब्लूमॅनचं ॲपलेट लॉगिनसोबत सुरू होतं, एक्सडीजीच्या ऑटोस्टार्टमध्ये त्याची फाइल असते. ते स्वतःला डीफॉल्ट एजंट करून घेतं आणि आकडे दाखवायला साधी सूचना पाठवतं, होय-नाहीच्या बटणांसह. तुम्हीही सूचनाच पाठवता ना? दोन्ही एलएक्सक्यूटीच्या त्याच सूचना-खिडकीत उमटणार, दिसायला सारख्याच. माझा अंदाज असा की तुम्ही इतके महिने ब्लूमॅनची सूचना बघताय. ॲपलेट बंद करा आणि फोनवरून पुन्हा जोडून बघा.

जुना_रेडिओ
तरीही मित्राच्या मशीनचं फर्मवेअर एकदा तपासायला हरकत नाही.

चिंचेखाली
ओवीताई, बरोबर आहे तुमचं. ब्लूमॅन बंद केलं आणि माझ्याकडेही सूचना येईना, लॉगमध्ये तीच ओळ. मित्राने डेबियन नुकतंच टाकलंय, एलएक्सक्यूटी-कोअर या किमान पॅकेजवरून, ब्लूमॅन नाहीच त्याच्याकडे. माझा आकडे दाखवणारा कोड आजवर एकदाही चालला नव्हता. सात महिने. हात गार पडले माझे.

रिक्वेस्टडीफॉल्टएजंट आता रजिस्टरच्या लगेच खालच्या ओळीत टाकलं, पण कधी होतं कधी नाही.

ओवी
रजिस्टरचं उत्तर यायच्या आधी डीफॉल्ट मागत असाल. ब्लूझीक्यूटीत दोन्ही हाका उत्तराची वाट न बघता पुढे जातात. पहिलीचं काम संपल्याचा सिग्नल आला की मग दुसरी करा. आणि एक गोष्ट राहू नये: ब्लूटूथची सर्व्हिस मध्येच पुन्हा सुरू झाली तर तुमचा एजंट पुसला जातो. मॅनेजरचा ‘ऑपरेशनलचेंज्ड’ सिग्नल ऐका आणि तो खरा झाला की दरवेळी नव्याने रजिस्टर करा. ब्लूडेव्हिलमध्ये हेच आहे, कोड वाचा, अर्ध्या तासाचं काम आहे.

कोकणकडा
ज्याच्याकडे ब्लूमॅनही असेल त्याचं काय? दोघंही डीफॉल्ट मागणार. पॅकेजमध्ये ‘कॉन्फ्लिक्ट्स’ लिहून टाका, दोन्ही एकत्र बसूच देऊ नका.

गस्त
ते चुकीचं होईल. एकाच मशीनवर एक जण एक्सएफसीईत बसतो, दुसरा एलएक्सक्यूटीत. ब्लूमॅन काढायला लावण्याचा आपल्याला काय अधिकार? ऑटोस्टार्टच्या फाइलमध्ये ‘ओन्लीशोइन’ला एलएक्सक्यूटी लिहा, म्हणजे आपलं तरी दुसऱ्या डेस्कटॉपात घुसणार नाही. आणि एलएक्सक्यूटीत ब्लूमॅन चालू दिसलं तर वापरणाऱ्याला स्पष्ट सांगा, दोन्हीपैकी एक निवडू द्या.

चिंचेखाली
गस्त यांचं पटलं, तसंच करतो.

आता मित्राकडे जोडणी झाली! पण फोनवरून फाइल पाठवली की लॅपटॉप घेत नाही. फाइलसाठीचा एजंट वेगळा रजिस्टर केलाय.

ओवी
डेबियनमध्ये ऑबेक्सडी (फाइल देवाणघेवाण सांभाळणारा प्रोग्रॅम) वेगळ्या पॅकेजात आहे, ब्लूझी-ऑबेक्सडी. मित्राने टाकलेलं नसणार. तुमच्या पॅकेजच्या गरजांमध्ये ते लिहा.

विमल_स
मी भाषांतरं बघते म्हणून तुमची मराठीची फाइल उघडली. ‘पेअर’ आणि ‘कनेक्ट’ दोन्हींना तुम्ही ‘जोडा’ लिहिलंय. यादीत एकाशेजारी एक दोन बटणं आणि दोन्हींवर ‘जोडा’. तुमच्या आईंनी कुठलं दाबायचं? पेअर म्हणजे पहिल्यांदा ओळख पटवणं, ते एकदाच होतं. कनेक्ट रोज होतं. मी ‘जुळवा’ आणि ‘जोडा’ सुचवते. ‘ट्रस्ट’ला ‘ट्रस्ट करा’ लिहिलंय, तिथे ‘पुढच्या वेळी न विचारता जोडू द्या’ असं सरळ लिहा.

दुपारचा_चहा
फोनमध्ये ‘पेअर करा’ असतं, तेच सवयीचं आहे. ‘जुळवा’ म्हटलं की मला पत्रिका आठवते.

विमल_स
पत्रिका जुळवणंही ओळख पटवणंच आहे. पण सवयीचा मुद्दा खरा आहे. ‘पेअर करा’ आणि ‘जोडा’ चालेल, दोन बटणांवर दोन शब्द हवेत एवढंच. आणि शनिवारी रिलीज करू नका. ॲपमधली वाक्यं गोठवा, वेबलेट या भाषांतराच्या साइटवर टाका, किमान दोन आठवडे द्या. हिंदी, कन्नड, पोर्तुगीज करणारे लोकही रात्रीच बसतात.

चिंचेखाली
पटलं. शनिवारी ०.१.० नाही, फक्त रिलीज कँडिडेट (तपासून बघायची आवृत्ती) देतो. वाक्यं आज रात्री गोठवतो, ‘पेअर करा’ आणि ‘जोडा’ घेतलं. ब्लूमॅन, ऑबेक्सडी, दोन्हींबद्दल रीडमीत लिहितो. आईच्या लॅपटॉपवर आता बघितलं, आकडे आले, आणि यावेळी ते माझ्याच कोडमधून आले. खात्री करायला सूचनेत ॲपचं नाव घातलंय.

रात्रपाळी
तपासताना आधीची जोडणी दोन्हीकडून पुसा, लॅपटॉपवरूनही आणि फोनवरूनही. एका बाजूला जुनी किल्ली राहिली तर भलतीच एरर येईल आणि पुन्हा दोन रात्री जातील. आणि कँडिडेट एखाद्या अशा मशीनवर बसवून बघा जिथे तुम्ही आजवर काहीच टाकलेलं नाही.