‘पोझी होल्डर’ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादिनी: एका इंग्रजी कथेचा अनुवाद करतेय. काळ 1850 च्या आसपासचा, नाचाची संध्याकाळ. नायिकेच्या हातात फुलांचा लहानसा गुच्छ आहे आणि तो चांदीच्या जाळीदार नळकांड्यात बसवलाय. वर रुंद, खाली निमुळतं, शिंगासारखं. देठ निसटू नयेत म्हणून आडवी टाचणी. बारीक साखळीला एक अंगठी. नाचायची वेळ झाली की अंगठी बोटात घालायची, गुच्छ लोंबत राहतो, हात मोकळा. इंग्रज याला पोझी होल्डर म्हणतात, फ्रेंच पोर्त-बुके. मी ‘फुलदाणी’ लिहून बसले, तर पुढच्या वाक्यात बाई फुलदाणी घेऊन नाचायला लागली!

टांकसाळ्या: ‘दाणी’ म्हणजे भांडं आलं. अत्तरदाणी, गुलाबदाणी, पिकदाणी. आणि कुणी ‘पुष्पगुच्छधारक’ सुचवायच्या आत सांगून टाकतो, ते शिधापत्रिकाधारकासारखं वाटतं. मी ‘गुच्छमूठ’ म्हणेन. तलवारीला मूठ, छत्रीला मूठ, तशी गुच्छाला.

वेंगुर्लेकर: मूठ नको हो, आमच्याकडे मूठ मारतात! पण मला अडचण नामाची नाही, क्रियापदाची वाटते. आपण वेणी माळतो, फूल खोवतो, तुरा खोचतो, हार घालतो, मुंडावळ्या बांधतो. आमच्याकडे सुरंगीचा वळेसार असतो, तोही माळायचाच. भाचीने ‘गजरा घातला’ म्हटलं की आजी हमखास म्हणायची, “घालतात ते झबलं. गजरा माळतात.” इंग्रजीत या सगळ्याला एकच क्रियापद. आता हातात धरून मिरवायच्या फुलांना आपल्याकडे काय आहे? मनगटाला गजरा गुंडाळलेला रसिक आठवतो, पण तिथेही हात रिकामाच.

टांकसाळ्या: खरंय. बाईच्या हातात फुलं म्हणजे बहुधा परडी, आणि ती देवाची. हुंगलेलं फूल तर देवाला चालतही नाही. उलट इंग्रजीत या गुच्छाचं एक नाव नोझगे, म्हणजे नाकाला सुखावणारी शोभेची वस्तू. हुंगण्यासाठीच तो. 1750 साली लंडनच्या ओल्ड बेली या न्यायालयात तुरुंगातल्या तापाने लॉर्ड मेयरसकट बरीच माणसं दगावली. दुर्गंधीतूनच रोग पसरतो अशी तेव्हा समजूत, म्हणून सुवासिक फुलं आणि पाला जवळ बाळगायचे. तिथल्या न्यायाधीशांच्या हातात प्रथा म्हणून पुढेही गुच्छ राहिला. मुघल चित्रांत बादशहा नाकाशी फूल धरतो, पण तो नुसत्या देठाला धरून.

अनुवादिनी: म्हणजे ‘मिरवणे’ चालेल की! ‘हातात गुच्छ मिरवत ती आली.’ पोझीचं काय? तो शब्द पोएझीवरून, म्हणजे काव्यावरून आलाय ना, अंगठीत कोरायच्या ओळीवरून?

वेंगुर्लेकर: हो, पण ते अनुवादात आणू नका, तळटीप लागेल. टसी-मसी हाही त्याच गुच्छाचा शब्द, पंधराव्या शतकापासूनचा. तोही सोडा. गुच्छाला ‘झेला’ म्हणा. शब्द जुना आहे, हलका आहे, लोंबणाऱ्या वस्तूला शोभतो.

अनुवादिनी: मग असं: ‘तिने अंगठी बोटात सरकवली आणि चांदीच्या मुठीतला झेला मनगटाखाली झुलू लागला.’ मूठ राहिली, पण वस्तूचं नाव म्हणून नाही. वेंगुर्ल्याची हरकत?

वेंगुर्लेकर: चांदीच्या मुठीला हरकत नाही.

जुनाबाजार: उशिरा आलो. यातल्या काहींची दांडी कळ दाबली की तीन पायांत उघडते, मग ती टेबलावर उभी राहते. जेवायला बसल्यावर गुच्छ ठेवायचा कुठे, म्हणून. तुमच्या कथेत जेवण आहे का?

अनुवादिनी: आहे! पुढच्याच पानावर. मग तिथे तरी फुलदाणी?

टांकसाळ्या: पाणी कुठे आहे त्यात?

अनुवादिनी: बरं. ‘झेला तीन पायांवर उभा केला.’ वाचक घाबरेल.