विषय: रविवारी वर्गाच्या चाव्या कोणाकडे?

प्रेषक: शाळा संयोजक

नमस्कार मंडळी,
ज्या इमारतीत आपली रविवारची मराठी शाळा भरते, तिथल्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या (इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) पोलिसांचं, शाळेत कोणी गोळीबार करत घुसलं तर काय करायचं याचं ट्रेनिंग जुलैत झालं. सुट्टीत शाळा रिकामी असते, म्हणून ते उन्हाळ्यातच उरकतात. जखमी म्हणून पडून राहायला माणसं हवी होती, आपल्यातले तिघं गेले होते. आपल्या कामाचं काही असेल तर इथेच लिहा. फोनवर सांगितलेलं मी विसरते.

प्रेषक: ढोलपथकवाले काका

लिहितो. माझ्या वाट्याला मांडीत गोळी लागलेला सफाई कामगार आला. सायन्सच्या वर्गासमोर आडवं पडायचं, पँटवर लाल रंग, आणि ओरडत राहायचं. कोपऱ्यावरून चार पोलीस आले, हातात सरावाच्या निळ्या बंदुका. मी 'हेल्प, हेल्प' करत पहिल्याची पँट धरली. त्याने झटका देऊन पाय सोडवला आणि मला ओलांडून गेला. मागच्या तिघांनी खाली पाहिलंसुद्धा नाही. नाटक आहे हे माहीत असूनही मला खरोखरच राग आला हो!

नंतर कॉफी पिताना शिकवणाऱ्याला गाठलं. तो म्हणाला, त्यांनी बरोबर केलं. आतून गोळ्यांचा आवाज येतोय तोवर जखमीपाशी थांबायचं नाही. आधी मारणाऱ्याला थांबवायचं, मग मरणाऱ्यांना वाचवायचं. कुमक यायची असेल आणि तू एकटाच असशील, तरी आत जा, असंही आता शिकवतात.

१९९९ पर्यंत सगळं उलट होतं. गस्तीवरच्या पोलिसांनी वेढा घालायचा आणि स्वाट टीमची, म्हणजे खास सशस्त्र पथकाची, वाट बघायची. कोलोराडोत कोलंबाइन हायस्कूलला त्या वर्षी गोळीबार झाला तेव्हा तेच केलं. वरच्या मजल्यावर डेव्ह सँडर्स नावाचे शिक्षक रक्तबंबाळ होऊन पडले होते. मुलांनी खिडकीत पाटी लावली, '१ ब्लीडिंग टू डेथ', म्हणजे एक जण रक्त जाऊन मरतोय. तिथे माणसं पोचायला काही तास गेले आणि सर वाचले नाहीत. त्यानंतर २००२ मध्ये आपल्या टेक्ससमध्येच, सॅन मार्कोसच्या टेक्सस स्टेट युनिव्हर्सिटीत 'अलर्ट' हे ट्रेनिंग सुरू झालं. २०१३ मध्ये एफबीआयने तेच देशभरासाठी प्रमाण मानलं.

मला न्यायला कोण आलं म्हणाल, तर दुसऱ्या फेरीत फायरवाले, पोलिसांच्या आडोशाने. टर्निकेटची, म्हणजे रक्त थांबवायला आवळायच्या पट्ट्याची, दांडी दोनदा पिळली तेव्हा पायाला मुंग्या आल्या. खऱ्या जखमेला याहून जास्त आवळतात म्हणे. मधला सगळा वेळ मी फरशीवर एकटा.

प्रेषक: मुळाक्षरांच्या वर्गाची ताई

काका, वाचून काटा आला. पण नुसत्या ट्रेनिंगवर माझा भरवसा नाही. टेक्ससमधल्याच युवाल्डीच्या शाळेत गोळीबार झाला, तिथल्या शाळा-पोलिसांचं असंच ट्रेनिंग दोनच महिने आधी झालं होतं. तरी २४ मे २०२२ ला ३७६ पोलीस गोळा झाले आणि ७७ मिनिटं वर्गाबाहेर राहिले. १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बाहेर चाव्यांचे जुडगे मागवून दुसऱ्या दारांवर लावून बघणं चाललं होतं. ज्या दारातून आत जायचं ते बहुधा लागलेलंच नव्हतं, असं पुढे चौकशीत निघालं.

आता आपलं. मागच्या रविवारी 'ळ' गिरवता गिरवता माझ्या लेकीने विचारलं, "आई, इथे लॉक कोण करतं?" तिच्या रोजच्या शाळेत 'लॉक्स, लाइट्स, आउट ऑफ साइट' पाठ करून घेतलंय. मी उठून दार पाहिलं. ते बाहेरून चावी फिरवली तरच लागतं आणि चावी माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणाकडे आहे?

टेक्ससच्या २०२३ च्या कायद्याने प्रत्येक शाळेत सशस्त्र अधिकारी हवा, पण तो शाळेच्या नेहमीच्या वेळात. रविवारी आपण त्यात बसत नाही.

आणि कृपा करून मुलांना असल्या नाटकात घेऊ नका. दार लावणं, दिवे घालवणं, कोपऱ्यात गप्प बसणं, एवढं शांतपणे करून घेऊ. आवाज, रंग काही नको.

प्रेषक: दादरचे आजोबा (ऑक्टोबरपर्यंत मुलीकडे)

मी रेल्वेत होतो. २६/११ ला सीएसटीवर आमच्या शिपायांकडे ३०३ रायफली आणि लाठ्या होत्या. एनएसजीचे कमांडो मानेसरहून येऊन कामाला लागेपर्यंत सकाळ झाली. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबची रायफल रिकाम्या हातांनी धरून ठेवली, म्हणून तो जिवंत सापडला. फोर्स वन हे स्वतःचं कमांडो पथक राज्याने नंतर उभारलं.

तुमच्याकडे रविवारी जागेवर कोण असतं? डबे मांडणारे आम्ही तीन म्हातारे. पुढचं दार विटेचा तुकडा लावून उघडं ठेवलेलं असतं, उशिरा येणाऱ्यांसाठी. मी तसाही तिथे पेपर वाचत बसतो. वीट काढा, दार मी उघडत जाईन.

प्रेषक: शाळा संयोजक

आजोबा, वीट काढली. आता ठरल्याप्रमाणे:

इमारतीच्या ऑफिसने मास्टर चावी द्यायला नकार दिला, पण चार वर्गांच्या सुट्या चाव्या दिल्या. त्या ताईंच्या गळ्यातल्या पट्ट्यात राहतील, पर्समध्ये नकोत. दारं आधीच कुलूप फिरवून ठेवायची, म्हणजे वेळेवर नुसती ओढून घेतली की झालं. मोठ्या मुलांचा वर्ग जिममध्ये भरतो, तिथल्या दाराला कुलूपच नाही. तो लायब्ररीशेजारच्या खोलीत हलवतोय. ढोल तिथे चालणार नाहीत, ते जिममध्येच.

रक्तस्राव थांबवण्याचं किट २०१९ च्या कायद्याने शाळेत असायलाच हवं, आणि आहेही, पण नर्सच्या खोलीत. ती खोली रविवारी बंद! म्हणून मंडळाच्या पैशातून दोन टर्निकेट आणि जखमेत भरायच्या पट्ट्या घेतोय. खजिनदार, पावती डब्यांच्या खर्चात घालू नका.

काका, टर्निकेट बांधून दाखवायला तुम्हीच या.

प्रेषक: ढोलपथकवाले काका

येतो. मांडी मात्र दुसऱ्या कोणाची तरी घ्या.