नातवंडांसाठी शिवलेला नाताळ: तुमचे अनुभव सांगा

झाडावरचे काचेचे गोळे देखणे खरे, पण घरात दोन-तीन वर्षांचं मूल असलं की अख्खा डिसेंबर ‘हात लावू नकोस’ म्हणण्यात जातो. कापडी सजावट मला म्हणूनच मोलाची वाटते. मुलांनी ती खुशाल ओढावी, कुशीत घेऊन झोपावं. तुम्ही नातवंडांसाठी काय शिवलंत? कापड, टाके, भरण, सगळं सविस्तर लिहा.

वसईहून
आमच्याकडे नाताळ म्हणजे आधी गोठा. मोठ्या गोठ्यातली मातीची चित्रं मुलांच्या हाती देता येत नाहीत, म्हणून खालच्या फळीवर त्यांचा वेगळा कापडी गोठा असतो. मरियेला सासूबाईंच्या विरलेल्या तांबड्या लुगड्याचा तुकडा, योसेफला धोतराचं कापड, मेंढरं जुन्या पांढऱ्या टर्किश टॉवेलची. चित्रं उभी राहावीत म्हणून तळाला जाड कॅनव्हासची गोल चकती शिवते. बाळ येशू मात्र गव्हाणीला जोडायचा नाही, सुटाच ठेवायचा. तो २४च्या रात्री चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर गोठ्यात येतो आणि ठेवायचा मान सगळ्यात धाकट्याचा. तीन राजे फळीच्या दुसऱ्या टोकाला असतात. नातवंडं त्यांना रोज थोडं पुढे सरकवतात आणि ६ जानेवारीला ते पोहोचतात. हा प्रवास मुलांच्या हातून घडतो, याचं मला फार अप्रूप आहे. मातीच्या चित्रांनी हे कसं साधलं असतं!

लेकीकडे, जर्मनीत
इथे १ ते २४ डिसेंबर रोज एक कप्पा उघडायचं कॅलेंडर घरोघरी असतं. मी ते खणाच्या तुकड्यांचं शिवलं. जाड सुती कापडावर २४ खिसे, प्रत्येकावर आकडा मराठीत, साखळी टाक्याने भरलेला. नात शाळेत जर्मन आकडे शिकते, मराठी या खिशांवर शिकली. १ आणि ९ अजून अडतात, मग दोन्ही खिशांत बोट घालून बघते. ६ तारखेला संत निकोलाउसचा दिवस, आदल्या रात्री मुलं दाराशी बूट ठेवतात, म्हणून ६व्या खिशावर छोटा बूट भरला. खण घेणार असाल तर रंग जायचा थांबेपर्यंत आधी धुऊन घ्या, नाहीतर शेजारचं पांढरं कापड गुलाबी होतं.

म्हापशाहून
आम्ही हिंदू, शेजार कॅथलिक. दारावरचं बांबू-कागदाचं नक्षत्र मोठी माणसं करतात. दोन्ही घरच्या पोरांसाठी मी कापडी नक्षत्रं शिवते. पाच टोकांची चांदणी शिवताना आतल्या कोपऱ्यांना टिपेच्या अगदी जवळपर्यंत काप द्या आणि टोकांवरचं जादा कापड छाटा, म्हणजे उलटवल्यावर टोकं नीट निघतात. उलटवायची फट सरळ बाजूला ठेवा, कोपऱ्यात कधीच नको. टोकं विणायच्या सुईच्या बोथट बाजूने हळू बाहेर काढा. भरण पॉलिएस्टर फायबरचं. साधा कापूस धुतल्यावर गोळा होतो.

पुण्याहून
तीन वर्षांखालच्या मुलांसाठी बटणं, मणी, घुंगरू अजिबात नकोत. मूल ते तोडून तोंडात घालतं. डोळे रेशमाने भरा. लटकवायचा फास बोटभरच ठेवा. फेल्टची सुतं निघत नाहीत, त्यामुळे कडेला नुसता काज टाका पुरतो. डिंकाने चिकटवलेलं टिकत नाही, शिवाच.

धागाकर्ती
वसईच्या ताई, मेंढराचं माप द्याल का? माझा नातू दीड वर्षाचा आहे.

वसईहून
घ्या की. १२ सें.मी. लांब, ८ सें.मी. रुंद लंबगोल, दोन तुकडे. अर्धा सें.मी. दाब धरा, टॉवेल असेल तर एक. पाय सुटे नकोत, खालच्या बाजूलाच दोन फुगवटे काढून एकसंध कापा. कान टिपेतच अडकवा म्हणजे ओढले तरी निघत नाहीत. तुमचा नातू लहान आहे, टीप दोनदा मारा.