क्यूटब्राउझर: माउस सोडायचा तो कशासाठी?

खाडीकाठ (धागाकर्ता)

मार्चमध्ये लॅपटॉपचा टचपॅड गेला. दुरुस्तीवाल्याने आठ दिवस सांगितले, म्हणजे तीन आठवडे. घरात एक जुना माउस होता, पण त्याचं चाक एकदा फिरवलं की पान दोनदा उडी मारायचं. वैतागून क्यूटब्राउझर हा कीबोर्डवर चालणारा ब्राउझर टाकला. टचपॅड दुरुस्त होऊन आला, त्यालाही आता सहा महिने होतील. ब्राउझर तोच राहिला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: वर टॅबची पट्टी, खाली एक बारीक ओळ, मध्ये नुसतं पान. मागे-पुढेची बटणं नाहीत, पत्त्याची चौकट नाही. ‘जे’ दाबलं की पान खाली, ‘के’ दाबलं की वर. ‘ओ’ दाबून पत्ता टाकायचा, ‘डी’ने टॅब मिटायचा, चुकून मिटला तर ‘यू’ने परत आणायचा. ‘वाय’ दोनदा दाबला की पत्ता कॉपी. खरी गंमत ‘एफ’मध्ये आहे. ते दाबलं की पानावरच्या प्रत्येक लिंकवर पिवळी चिठ्ठी चिकटते, तिच्यावर एखाद-दोन अक्षरं. ती टाइप केली की लिंक उघडली. एखाद्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर करून बघा, पानाला गोवर आल्यासारखं दिसतं.

फ्लोरियन ब्रुहिन या स्विस प्रोग्रामरने डिसेंबर २०१३ मध्ये हे काम सुरू केलं. डीडब्ल्यूबी नावाचा ब्राउझर आणि फायरफॉक्सवरचं व्हिम्परेटर हे एक्स्टेन्शन यांच्यावरून त्याला सुचलं. पायथनमध्ये लिहिलेला आहे, जीपीएल हा मुक्त परवाना, एक पैसा लागत नाही.

माझं म्हणणं एवढंच की माउस ही गरज नाही, लावलेली सवय आहे. हाताची ये-जा थांबली की भटकणंही कमी होतं, कारण चिठ्ठीवरची अक्षरं टाइप करायची तर कुठे जायचंय ते आधी ठरवावं लागतं. मतं येऊ द्या. विरोधी असतील तर आधी ती.

तिरपागडा

विरोधी मत हजर आहे.

ब्राउझरमध्ये माणूस करतो काय? वाचतो. एक लेख वाचायला दहा मिनिटं, पुढच्या लेखावर टिचकी मारायला एक सेकंद. त्या एका सेकंदाचा अर्धा सेकंद करण्यासाठी तुम्ही पन्नास बटणं पाठ केलीत. मजकूर लिहिणाऱ्याचं मी समजू शकतो, वाचणाऱ्याला ही उठाठेव कशाला?

आणि ते ‘जे-के’ आलं कुठून? बिल जॉयने १९७६ मध्ये व्हीआय हा एडिटर लिहिला, तेव्हा त्याच्यासमोर एडीएम-३ए नावाचा टर्मिनल होता. त्याच्या कीबोर्डवर बाणांची वेगळी बटणं नव्हती, एच-जे-के-एल यांच्यावरच बाण छापलेले होते. ती तेव्हाची अडचण होती राव. आज तुमच्या लॅपटॉपवर चार बाण स्वतंत्र बसवलेले असताना त्या अडचणीचं सोवळं पाळायचं? दंडवत.

जमाखर्च

मी हिशेबनीस. बावीस वर्षं टॅलीवर. त्यामुळे कीबोर्डच्या बाजूने बोलेन असं वाटेल, पण थांबा.

आमच्या ऑफिसात नवा मुलगा आला आणि त्याने माउसला हात लावला की सगळे बघतात. पेमेंट एफ-५, रिसीट एफ-६, जर्नल एफ-७, सेल्स एफ-८. व्हाउचर भरता भरता नवं खातं उघडायचं तर आल्ट-सी, आणि शेवटी कंट्रोल-ए. दिवसाला दोन-अडीचशे नोंदी होतात, डोळे बिलावरच असतात, स्क्रीनकडे फारसं बघावंही लागत नाही. त्यामुळे तिरपागडा यांचा अर्ध्या सेकंदाचा हिशेब मला पटलेला नाही. नजर न हलवता काम होणं ही वेगळी चीज आहे.

पण टॅलीत हे जमतं, कारण ज्याने स्क्रीन बनवली त्यानेच बटणं ठरवली. वेबवर प्रत्येक पान म्हणजे परक्याचं घर. धागा वाचून परवा मी हा ब्राउझर टाकला आणि एका पोर्टलवर रिटर्न भरायला बसलो. एफ दाबलं. सगळीकडे चिठ्ठ्या आल्या, फक्त तारखेच्या कॅलेंडरवर एकही नाही. पाच मिनिटं टॅब टॅब करत फिरलो. मग माउस.

खाडीकाठ (धागाकर्ता)

@जमाखर्च, ते कॅलेंडर बहुतेक साध्या ‘डिव्ह’चं, म्हणजे नुसत्या चौकोनांचं केलेलं असणार. त्या चौकोनावर टिचकी मारली की काही घडतं हे ब्राउझरला बाहेरून कळत नाही. लिंक किंवा बटण म्हणून लिहिलं असतं तर चिठ्ठी आली असती. यावर उपाय आहे: सेटिंगमध्ये ‘हिंट्स सिलेक्टर्स’ असतात, त्यात त्या चौकोनाचा सीएसएस सिलेक्टर, म्हणजे पानातली त्याची ओळख, टाकून द्यायचा. तेवढ्या एका साइटपुरताही टाकता येतो.

तिरपागडा

तारीख भरण्यासाठी आधी सीएसएस लिहायचं. दंडवत, दंडवत.

सर्व्हरखोली

सोय-गैरसोय तुमची तुम्ही बघा, मला सुरक्षेचं बोलायचंय. ते कुणी काढलंच नाही.

क्यूटब्राउझरच्या पोटात पान दाखवणारं क्यूटी-वेबइंजिन आहे, त्याच्या पोटात क्रोमियम, म्हणजे क्रोमचाच मुक्त गाभा. २०१७ च्या १.० आवृत्तीपासून डीफॉल्ट हेच. क्रोमियममध्ये भोक सापडलं की क्रोमला लगेच पॅच येतो. क्यूटीवाले मात्र जुन्या क्रोमियमच्या बुंध्यावर ते पॅच मागाहून शिवतात, मग तुमच्या लिनक्स डिस्ट्रोने ते पॅकेज करायचं, मग तुम्ही अपडेट मारायचा. मधल्या दिवसांत दार उघडं. डेबियन या डिस्ट्रोने क्यूटी ५ चं वेबइंजिन मर्यादित सुरक्षा-पाठिंब्याच्या यादीत टाकलं आहे. शेरा असा की भरवशाच्या मजकुरापुरतंच वापरा. इंटरनेटवर भरवशाचा मजकूर किती, ते सांगायला नको.

दुसरं, एक्स्टेन्शन चालत नाहीत. जाहिराती अडवायला २०२१ च्या २.० पासून ब्रेव्ह ब्राउझरची लायब्ररी जोडता येते, ती चांगली आहे, पण ती फक्त पानाकडून बाहेर जाणारी विनंती अडवते. पानावरची रिकामी चौकट तशीच राहते. पासवर्ड मॅनेजर हवा तर यूजरस्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, शोधा.

मी स्वतः तो वापरतो, हेही सांगून टाकतो. मॅन्युअल आणि डॉक्युमेंटेशन वाचायला याच्यासारखा ब्राउझर नाही. बँक त्यात उघडत नाही.

अर्धा_डोस

एवढा खटाटोप करण्यापेक्षा फायरफॉक्सवर ट्रायडॅक्टिल हे एक्स्टेन्शन टाका, किंवा क्रोमवर व्हिमियम. चिठ्ठ्या त्याच, बटणं जवळपास तीच, पॅच वेळेवर, एक्स्टेन्शन सगळी.

खाडीकाठ (धागाकर्ता)

@अर्धा_डोस, ट्रायडॅक्टिल दोन महिने वापरलं. पान पूर्ण येईपर्यंत बटणं मुकी. सेटिंगच्या पानावर चालत नाही, मोझिलाच्या ॲड-ऑनच्या पानावर चालत नाही, कारण तिथे एक्स्टेन्शनला शिरकावच नाही. हात कीबोर्डवर स्थिरावतो आणि तेवढ्यात अशा एखाद्या पानावर सगळं गोठतं. आणि व्हिम्परेटरचं काय झालं आठवतं ना? नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ आला, जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन एका दिवसात बंद. व्हिम्परेटर गेलं, पेंटाडॅक्टिल गेलं. भाड्याच्या खोलीत भिंत पाडता येत नाही. म्हणून अख्खा ब्राउझर.

तिरपागडा

आणि हा अख्खा ब्राउझर मुख्यतः एका माणसाच्या खांद्यावर. तुम्हीच नाव दिलंत. २०१६ आणि २०१७ मध्ये त्याने लोकवर्गणी काढून काम पुढे नेलं होतं. उद्या तो कंटाळला तर तुमची स्वतःच्या मालकीची भिंत कोण सारवणार?

(वर्गणीचं वाचून मात्र माणूस आवडला. विरोध कायम.)

मंजिरी_टंकते

सगळे ‘जे’ आणि ‘के’ म्हणताय, पण मराठीत टाइप करता का कुणी? मी इनस्क्रिप्टवाली. माझा कीबोर्ड दिवसभर देवनागरीत असतो. ‘जे’च्या कळीवर र, ‘के’वर क, ‘एच’वर प, ‘एल’वर त. ‘एफ’ दाबलं की पहिली वेलांटी. क्यूटब्राउझर पहिल्यांदा उघडला तेव्हा वाटलं बिघडलाय, काही म्हणता काही हलेना. तो ‘जे’ची वाट बघत बसलेला आणि मी त्याला ‘र’ देतेय.

उपाय आहे. सेटिंगमध्ये ‘की मॅपिंग्ज’ नावाची यादी आहे, त्यात र म्हणजे जे, क म्हणजे के, असं एकेक जोडून द्यायचं. मी एका संध्याकाळी पूर्ण केलं. आता कीबोर्ड मराठीत ठेवून पान खालीवर होतं, चिठ्ठ्या येतात. लिहायच्या चौकटीत गेलं की मराठी उमटतं, एस्केप मारून बाहेर आलं की तीच कळ पान हलवते. एवढं सुख मला दुसऱ्या कुठल्या ब्राउझरने दिलेलं नाही, त्यांच्या शॉर्टकटच्या यादीत मला हातच घालता येत नाही.

टायपिंगच्या क्लासमध्ये बाई बोटांवर पट्टी मारायच्या, ‘खाली बघायचं नाही’. त्या पट्टीचं सार्थक झालं.

श्राव्य

पहिल्यांदाच लिहितोय. मला दिसत नाही. एनव्हीडीए हा स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरतो, तोही मुक्त आणि फुकटच आहे.

धागाकर्त्यांचं ‘माउस ही लावलेली सवय’ हे वाक्य माझ्या कॉम्प्युटरने वाचून दाखवलं तेव्हा हसू आलं. मला ती सवय कुणी लावलीच नाही. मी अठरा वर्षं ब्राउझर कीबोर्डवर चालवतोय, साध्या फायरफॉक्समध्ये. एच दाबलं की पुढचा मथळा, के दाबलं की पुढची लिंक, इन्सर्ट आणि एफ-७ दाबलं की पानावरच्या सगळ्या लिंक्सची यादी. तुमचा एफ चिठ्ठ्या लावतो, माझा एफ फॉर्ममधल्या पुढच्या चौकटीवर नेतो.

भाच्याच्या हौसेखातर क्यूटब्राउझर उघडून पाहिला. एफ दाबलं, शांतता. चिठ्ठ्या पानावर आल्या होत्या म्हणे, भाच्याने सांगितलं. त्या माझ्यासाठी नव्हत्या. कीबोर्डने चालणारा ब्राउझर आणि डोळ्यांशिवाय चालणारा ब्राउझर यांत फरक आहे, तो या चर्चेत दिसला नाही म्हणून लिहिलं.

आणि जमाखर्च साहेब, ज्या कॅलेंडरवर तुमची चिठ्ठी आली नाही, तिथे माझा स्क्रीन रीडरही बहुधा गप्पच बसेल. बटण ‘बटण’ म्हणून लिहिलं नाही की तुम्ही आणि मी एकाच रांगेत.

जमाखर्च

@श्राव्य, खरं आहे. पोर्टलच्या हेल्पलाइनला लिहितो, तक्रार क्रमांक मिळाला की इथे टाकतो. माझा त्रास म्हणून लिहिलं असतं तर ‘माउस वापरा’ म्हणाले असते. तुम्हाला चालणार असेल तर तुमचंही त्यात घालतो.

श्राव्य

घाला.

खाडीकाठ (धागाकर्ता)

@श्राव्य, ते वाक्य मागे घेतो. डोळे शाबूत असलेल्या माणसाच्या मनगटापुरता विचार केला होता.

@सर्व्हरखोली, बँक कालपासून फायरफॉक्सवर हलवली. वाचन इथेच. मेलचं अजून ठरत नाही. एका खात्यात लॉगिन करताना ‘हा ब्राउझर सुरक्षित नसावा’ असं म्हणून मला बाहेर उभं केलं होतं, ती खुन्नस आहे.

तिरपागडा

हरलो असं समजू नका, पण काल रात्री मीही टाकला. त्यातूनच या धाग्यावर चांगला तीन परिच्छेदांचा प्रतिसाद लिहीत होतो. मी रोमनमध्ये टाइप करतो, त्याचं मराठी होतं. मध्येच सुचवलेल्या शब्दांची चौकट आडवी आली म्हणून एस्केप मारला. चौकट गेली, पण लिहिण्याच्या मोडमधूनही बाहेर पडलो, ते लक्षात आलं नाही. शेवटी नेहमीचं ‘दंडवत’ लिहायला गेलो. पहिलं अक्षर डी.

टॅब मिटला. यू दाबून परत आणला, चौकट रिकामी.

मंजिरी_टंकते

इनस्क्रिप्टमध्ये द ‘ओ’च्या कळीवर असतो. माझ्यासारखं मॅपिंग केलेलं असतं तर खाली पत्त्याची ओळ उघडली असती, केलेलं नसतं तर काहीच झालं नसतं. तीन परिच्छेद दोन्हीकडे वाचले असते.