फौजी कुटुंब म्हणजे हमखास गिऱ्हाईक?

रानवारा:
वडील फौजेत होते. बदली झाली की सामान सोडायच्या आत दारात कुणीतरी हजर: विमा, हप्त्यावर टीव्ही, शिकवणी. लहानपणी तो मान वाटायचा. विशीतला फौजी पोरगा, पहिला पगार, राहणं-जेवण सरकारी, नोकरी पक्की. विकणाऱ्याला आणखी काय हवं? अमेरिकेत छावण्यांबाहेर पगार होईपर्यंत उधार देणारी दुकानं इतकी माजली की २००६ मध्ये तिथल्या संसदेला कायदा करून सैनिक आणि त्यांच्यावर अवलंबून असणाऱ्यांच्या कर्जावर वर्षाला ३६ टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. दोन आठवड्यांच्या उधारीवर शंभर डॉलरला पंधरा डॉलर, हा दर वर्षाच्या हिशेबात ३९० टक्के भरतो! फौजी घरांना असं हेरणंच बंद व्हायला हवं.

पायवाट:
असहमत. नवरा सैन्यात, घर मी चालवते. दर दोन-तीन वर्षांनी शाळा, बँक, भाडेकरार सगळं नव्याने. मुदतीआधी घर सोडू देणारा मालक, नवरा ड्यूटीवर असताना माझ्या सहीवर काम करणारी बँक मला हवीच आहे, आणि आम्हाला वेगळं गिऱ्हाईक मानल्याशिवाय ती मिळत नाही. यूएसएए ही अमेरिकी विमा संस्था १९२२ मध्ये २५ लष्करी अधिकाऱ्यांनी काढली, एकमेकांच्या गाड्यांचा विमा उतरवायला. कारण इतर कंपन्यांना ते जोखमीचे वाटत. कुणी विचारतच नाही तेव्हा काय होतं, ते तुम्ही धरलेलंच नाही.

रानवारा:
ताई, बदलीचं पटलं. 'हेरणंच बंद' हे मागे घेतो. पण ती संस्था अधिकाऱ्यांनी स्वतःसाठी काढली होती. दारात येणारा स्वतःसाठी येतो.

सहावा तास:
दोघांचंही विक्रेत्याकडे लक्ष आहे, नियमाकडे नाही. अमेरिकेत नफ्यावर चालणाऱ्या कॉलेजांना किमान १० टक्के उत्पन्न केंद्राच्या शिक्षण-मदतीबाहेरून आणावं लागे. माजी सैनिकांच्या शिक्षणाचा सरकारी पैसा मात्र 'बाहेरचा' धरत. म्हणजे माजी सैनिकाकडून आलेल्या एका डॉलरच्या जोरावर मदतीचे आणखी नऊ डॉलर घेता येत. मग त्यांच्यामागे कॉलेजात भरती करणारे लागणारच. २०२१ मध्ये कायदा बदलून ती पळवाट बुजवली.

पायवाट:
हे माहीत नव्हतं. तरी जवानाला अजाण लेकरू ठरवू नका. तो शस्त्र सांभाळतो, त्याला व्याजही कळतं.

रानवारा:
अजाण नाही, अडकलेला म्हणतोय. कर्ज थकलं तर अमेरिकेत जवानाची गोपनीय कामाची मंजुरी जाऊ शकते. वसुलीवाल्याला ते ठाऊक असतं, म्हणून तो 'तुमच्या साहेबांना कळवू' म्हणतो. इतर नोकरदारांच्या मानेवर एवढी टांगती तलवार नसते.

पायवाट:
तसा फोन मलाही आला होता. एकच हप्ता चुकला होता, नवरा संपर्काबाहेर. मुलीच्या नावाची ठेव मोडून भरला. त्याला अजून सांगितलेलं नाही. युनिटला फोन करायची धमकी देणाऱ्यांवर कडक बंदी हवी, एवढ्यावर मी तुमच्या बाजूने. पण घरासाठीची ती मुभा आणि ती बँक मी सोडणार नाही.