पायरेट्सनं पहिल्या राउंडला शाळकरी पिचर घेतला. २०२५चा ड्राफ्ट फसला का?

बाळीवेस_पायरेट
मी पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकेतल्या बेसबॉल टीमचा फॅन. सोलापुरात बसून पायरेट्स कशाला, असं घरचेही विचारतात. २००८ला त्यांनी आपल्याकडच्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या भालाफेकवाल्या पोरांना करार दिला, तेव्हापासून हे खूळ डोक्यात आहे. ते दोघं केव्हाच बाहेर पडले, मी अडकलो.

मुद्दा असा की २०२५च्या ड्राफ्टला, म्हणजे टीम पाळीपाळीनं नवी पोरं निवडतात तिथं, सहाव्या नंबरवर आपण सेठ हर्नांडेझ घेतला. कॅलिफोर्नियातल्या कोरोना हायस्कूलचा उजव्या हाताचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. पहाटे अलार्म लावून उठलो होतो, नाव ऐकून परत झोपलो. आपल्याकडे पिचरमध्ये पॉल स्कीन्स आहे, बबा चँडलर तयार होतोय. रन कोण काढणार? कोठीत ज्वारीची पोती रचलेली असताना बाजारातून आणखी एक ज्वारीचंच पोतं आणावं, तसा प्रकार. त्याच शाळेचा शॉर्टस्टॉप, म्हणजे बॅटिंग करणारा फील्डर, बिली कार्लसन शिल्लक होता, तो दहाव्या नंबरला व्हाइट सॉक्सनं उचलला.

जाणकारांनी सांगा, ही पिक, म्हणजे निवड, चुकली का?

लेफ्टी_जुळेसोलापूर
चुकली की बे! आयपीएलच्या लिलावात कसं, ओपनर नसेल तर ओपनरवर पैसे टाकतात. नाहीतर तो सहावा नंबर दुसऱ्या टीमला देऊन एखादा तयार बॅटर मागायचा ना.

पार्कमैदान_सर
लेफ्टी, नंबर देता येत नाही. छोट्या शहरांच्या टीमना मिळणाऱ्या काही जादा पिक सोडल्या तर बेसबॉलमध्ये ड्राफ्टची पिक विकायला बंदी आहे. आणि आयपीएलशी तुलनाच नको. लिलावात घेतलेला गडी त्याच मोसमात मैदानात उतरतो. इथं घेतलेलं पोरगं आधी मायनर लीगमध्ये, म्हणजे मुख्य मेजर लीगच्या खालच्या लीगमध्ये, बसनं गावोगाव हिंडतं, तीन-चार वर्षं सहज जातात. हर्नांडेझ वर येईल तेव्हा आजच्या टीममधलं कोण उरलेलं असेल? म्हणून 'आज आपल्याला काय कमी आहे' हे बघून पिक घेणारा माणूस फसतो.

स्कीन्सचं उदाहरण देऊ नका. जुलै २०२३मध्ये पहिल्या नंबरवर घेतला, मे २०२४मध्ये मेजर लीगमध्ये, त्याच वर्षी रूकी ऑफ द इयर, म्हणजे नवख्यांत पहिला, २०२५ला साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा मान. पण तो कॉलेजातून आलेला तयार गडी होता. असं रोज होत नाही.

बाळीवेस, तू पिकचं नाव बघतोस. मी पैसे बघतो. पहिल्या दहा राउंडच्या प्रत्येक नंबरला एक रक्कम ठरलेली असते, तिला स्लॉट म्हणतात. सगळे स्लॉट मिळून टीमचा गल्ला. त्याच्या पाच टक्क्यांच्या वर गेलास की पुढची पहिल्या राउंडची पिक गेली. म्हणून खरी हुशारी एका पोराकडून वाचवून दुसऱ्यावर घालण्यात.

२०२१ आठव. पहिल्या नंबरवर कॅचर हेन्री डेव्हिस घेतला, तेव्हा सगळे ओरडले. स्लॉट होता ८४ लाख डॉलरच्या आसपास, तो ६५ लाखांत आला. उरलेल्यातले काही तिसऱ्या राउंडच्या एका पोरावर लावले. ते पोरगं क्लेमसन कॉलेजला फुटबॉल आणि बेसबॉल दोन्ही खेळायला निघालं होतं, ३० लाख देऊन त्याला थांबवलं. तोच तुझा चँडलर, ऑगस्ट २०२५ला मेजर लीगमध्ये आला. डेव्हिसची बॅट २०२५पर्यंत चालली नाही, तरी तो ड्राफ्ट वाया गेला असं मी म्हणणार नाही.

खरा वाया गेलेला बघायचा तर २००७चा बघ. मॅट वीटर्स समोर होता, महाग पडेल म्हणून सोडला आणि चौथ्या नंबरवर डॅनियल मॉस्कोस घेतला. वीटर्स लगेच पुढच्या नंबरवर ओरिओल्सकडे गेला. मॉस्कोस मेजर लीगमध्ये एकूण ३१ मॅच खेळला. १९९३ ते २०१२, सलग वीस मोसम जिंकल्यापेक्षा जास्त मॅच हरलेल्या टीमला काटकसर कुठं करायची हेच कळत नव्हतं.

आणि बॅटर घेतला नाही असंही नाही. आदल्याच वर्षी नवव्या नंबरवर कॉनर ग्रिफिन घेतलाय, तोही शाळेतूनच. २०२५ संपता संपता मायनर लीगमध्ये त्याच्याइतकं नाव कुणाचं नव्हतं.

बाळीवेस_पायरेट
सर, पैशांचं पटलं. पण शाळकरी उजवा पिचर आजवर एकदाही पहिल्या नंबरला गेलेला नाही, १९६५पासून. एवढ्या टीम घाबरतात त्याला काहीतरी कारण असेल ना?

पार्कमैदान_सर
आहे. कोपर. सतरा-अठराव्या वर्षी ताशी शंभर मैलांच्या जवळ टाकणाऱ्या पोराच्या कोपरातल्या लिगामेंटवर प्रत्येक बॉलला ताण येतो. ते फाटलं की टॉमी जॉन ऑपरेशन, मग वर्षभर तरी घरी. आपल्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर खालून टाकतो, म्हणून आपल्याला ही धास्ती कमी.

पोरं तपासताना मी स्पीडगन बघत नाही, माझ्याकडे नाहीच ती. पुढचा पाय जमिनीला टेकतो त्या क्षणी कोपर कुठं आहे ते बघतो. खांद्याच्या रेषेत आलेलं असेल तर ठीक. मागं, खाली राहिलं असेल तर सगळा भार नंतर हातावर येतो. हर्नांडेझचे व्हिडिओ स्लो करून बघ, हात वेळेवर वर येतो. दुसरं म्हणजे त्याचा चेंजअप. नुसतं जोरात टाकणारी पोरं शाळेत ढिगानं असतात. त्याच हातानं, त्याच झटक्यानं बॉल हळू सोडायचा, हे त्या वयात फार कमी जणांना जमतं. मी घेतलाच असता त्याला. जोखीम आहे, पण सहाव्या नंबरवर जोखीम नसलेला मोठा खेळाडू मिळतच नाही.

लेफ्टी_जुळेसोलापूर
सर, आमचा भाचा नववीत आहे, लई जोरात थ्रो करतो. त्याला ड्राफ्टला नाव देता येईल का?

पार्कमैदान_सर
इथं राहून नाही. ड्राफ्ट अमेरिका, कॅनडा आणि प्वेर्तो रिकोच्या पोरांसाठी. बाकी जगातल्या पोरांशी टीम थेट करार करतात. ते राहू दे, आधी त्याला रविवारी सकाळी मैदानावर पाठव. नवा ग्लोव्ह घेऊ नकोस, आमच्याकडे पडलेत. आणि मामासारखा डावखुरा असेल तर सांग, उजव्या हातात घालायचा ग्लोव्ह एकच आहे, तो बाजूला काढून ठेवतो.