वेळ लागला म्हणजे डॉक्टर नवशिके, असं नाही
पेसमेकर (हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र) बसवायचं तासाभराचं काम अडीच तास चाललं, म्हणजे डॉक्टर नवशिके असणार, असं इथे एकाने लिहिलंय. ते पटलं नाही. मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे शिरांतून हृदयात वायरी-नळ्या घालून उपचार करतात तिथे, टेक्निशियन आहे. गर्भात सगळ्यांनाच छातीत डावीकडे हृदयाकडे जाणारी एक मोठी शीर असते, ती पुढे आपोआप बुजते. हजारातल्या तीन-पाच जणांत मात्र तशीच राहते. बहुधा त्रास शून्य, त्यामुळे सत्तरीतल्या माणसालाही पत्ता नसतो. पेसमेकर बहुधा डाव्या बाजूला बसवतात आणि त्याची वायर शिरेतून हृदयात नेतात. वायर छातीच्या मधून उजवीकडे वळायच्या ऐवजी डावीकडूनच सरळ खाली उतरताना स्क्रीनवर दिसली की लॅबमध्ये सगळे गप्प होतात!

ही शीर बहुतेकांत कोरोनरी सायनसमार्गे (हृदयाच्या मागची शीर) उजव्या कर्णिकेत, म्हणजे वरच्या कप्प्यात उघडते, पण तिथून झडपेकडे जायचा कोन फारच अवघड. मग वायरच्या आतली तार हाताने वाकवून, वायरचं कर्णिकेत वेटोळं करून ती खालच्या कप्प्यात उतरवायची. उजव्या बाजूने करता येतं, पण काहींना उजवीकडची शीरच नसते, म्हणून आधी डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडून बघतात. तेही जमलं नाही, तर मांडीच्या शिरेतून बिनवायरीचा पेसमेकर, पण खर्च बराच. आधीच्या टूडी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टात ‘कोरोनरी सायनस फुगलेला’ असं काही असेल तर ती या शिरेची खूण असू शकते, डॉक्टरांना आवर्जून दाखवा.